चादरीचा गुलमोहर

आमच्या पुढच्या अंगणात एकदा आठ दिवस एक चादर झाड म्हणून उभी होती. चार बांबू, त्यांवर ताणून बांधलेली निळ्या रेघांची जुनी चादर आणि चारी कोपऱ्यांना सुतळी. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हो, तंबू कसला?" मी सांगायची, "तंबू नाही, गुलमोहर आहे." लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघत पुढे जायचे.

हा सगळा उद्योग काठीमावशींचा.

टायरवाल्याच्या दुकानामागे जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे त्यांची रोपवाटिका. रोपवाटिका आपली म्हणायची म्हणून. एक गळका नळ, एक पत्र्याची शेड आणि काळ्या पिशव्यांत उभी दोन-तीनशे रोपं. मावशी साठीच्या पुढच्या, काटक. अंगात नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्याच्या एका खिशात सुतळीचा गुंडा, दुसऱ्यात छाटायची कात्री. नखांतली माती आता धुऊन निघण्याच्या पलीकडे गेलेली. फुलझाडं त्या कुणालाही देतात. पण मोठं होणारं झाड मागायला गेलात तर ती नोकरीची मुलाखत असते आणि बरेच जण नापास होऊन परत येतात. एकदा एक गृहस्थ रस्त्यातूनच ओरडले, "तो उंचवाला द्या पटकन, गाडी चालू ठेवलीय." मावशी म्हणाल्या, "चालू आहे ना? मग निघा. हे चाळीस वर्षं एका जागी उभं राहणार. तुमचं त्याचं जमायचं नाही."

मी गेले ती बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे. आधी बसवर कंडक्टर, मग डेपोत कंट्रोलर. कुठली गाडी कधी सुटली, कधी आली, कोण किती मागे पडलं, हे बघण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. चादरीच्या आधी दोन वर्षं त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात-पाय बऱ्यापैकी ताब्यात आले, जीभ मात्र जड राहिली. एकेक शब्द ओढून आणावा लागायचा, म्हणून त्यांनी आपली जुनी कंडक्टरची भाषा बाहेर काढली. काठीनं खिडकीच्या चौकटीवर दोन ठोके म्हणजे चालू द्या, एक ठोका म्हणजे थांबा. चहा ओतताना कप पुरेसा भरला की एक ठोका. सासूबाई शेजारणीबद्दल काही रंगवून सांगत असल्या की दोन ठोके. सासूबाई म्हणायच्या, "पन्नास वर्षं संसार केला आणि शेवटी माझी बस करून टाकली या माणसानं."

त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत, खिडकीशी. खिडकीतून आमचं अंगण दिसतं, मग फाटक, मग नाकासमोर जाणारी गल्ली. गल्लीच्या टोकाला बेकरी आणि रंगाचं दुकान यांच्यामध्ये दाराएवढी फट आहे. त्या फटीत मोठ्या रस्त्यावर वळणारी बस दोन श्वासांपुरती दिसते आणि नाहीशी होते. बाबा मनगटावरच्या चावीच्या घड्याळाकडे बघायचे आणि सांगायचे, "साडेचार. सहा मिनिटं मागे." स्वयंपाकघरातून मी "हो का?" म्हणायची. दिवसातून वीस वेळा तरी माझं ते "हो का" व्हायचं.

अडचण उन्हाची होती. खिडकी पश्चिमेची. दुपारी दोनपासून ती खोली म्हणजे भट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना उष्णता सोसायची नाही. मागच्या खोलीत बसा म्हटलं तर एक ठोका. पडदा ओढला तर एक ठोका. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं आणि खिडकीसमोर झाड लावायचं नक्की केलं.

कुठलं, यावर घरात दोन पक्ष पडले. सासूबाईंना बहावा हवा होता. लहानपणी त्यांच्या शाळेच्या रस्त्यावर एक होता, त्याचे पिवळे घोस लोंबायला लागले की परीक्षा संपायची. "ते झाड बघितलं की मला अजून सुट्टी लागल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. त्यानं कागदावर दोन रकाने आखले. वाढ, पसारा, सावली, फुलं, कचरा, आयुष्य. प्रत्येकाला दहापैकी गुण. गुलमोहर एकेचाळीस, बहावा चौतीस.

"कचऱ्यात दोघांना सारखे गुण कसे?" सासूबाईंनी विचारलं. "झाडणार कोण आहे? तू?"

"आई, मुद्दा सावलीचा आहे. गुलमोहर पाच वर्षांत छत्री धरतो. बहाव्याला आठ. बाबा आज शहात्तर आहेत." एवढं बोलून तो गप्प झाला, कारण हा हिशोब मोठ्यानं करायचा नव्हता.

बाबांना विचारलं तर त्यांनी दोन ठोके दिले. चालू द्या. कशाला दिले, हे आम्ही विचारलं नाही. गुलमोहराला असणार, असं नवऱ्यानं धरून घेतलं.

तर मी मावशींकडे गेले आणि मुलाखत सुरू झाली. दार कुठल्या दिशेला? पाण्याचा पाइप कुठून जातो? कपडे कुठे वाळत घालता? फाटकापासून भिंत किती पावलं? मी पटापट उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "घरात सगळ्यांत जास्त वेळ कोण असतं, आणि कुठे?"

"सासरे. पुढच्या खोलीत, खिडकीशी."

"काय करतात?"

"काही नाही. बसलेले असतात."

"हं," मावशी म्हणाल्या. खिशातून सुतळी काढून त्यांनी ती उगाचच उलगडली आणि परत गुंडाळली. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी त्या अंगणभर पावलं टाकत फिरल्या. नवऱ्यानं आपला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घालून परत दिला.

"गुण छान दिलेत, सर. आता माझं ऐका. गुलमोहर भराभर वाढतो, खरं आहे. आडवा पसरतो, फांद्या खाली झुकवतो, दाट सावली देतो. पण त्याची मुळं वरच्या वर धावतात. ही फरशी उचलेल. फांदी ठिसूळ, वादळात पहिली तीच मोडणार. तुम्हाला लावायचाच तर पार फाटकाच्या कोपऱ्यात, तोही जेमतेम. बहावा शांत. उभा वाढतो, मूळ खाली सोडतो, भिंतीशी भांडत नाही. पण अंगानं बारीक, सावली विरळ. आणि ऐन उन्हात पानं टाकून बसतो, मग घोस लटकवतो. दिसायला दृष्ट लागेल असा. सावलीच्या नावानं चाळण."

"मग? कुठला?" मी विचारलं.

"ठरवू नका. आधी राहून बघा."

हीच त्यांची रीत, आणि याच रीतीमुळे त्यांच्या नावाला काठी चिकटलेली. झाड जिथे लावायचं तिथे त्या आधी काठ्या रोवतात. पाच वर्षांनी झाड जेवढं होईल तेवढ्या उंचीवर, तेवढ्या रुंदीची चादर बांधतात. फांद्या झुकतील तेवढी कड खाली सोडतात. मग आठ दिवस घरानं त्या झाडासोबत राहायचं. घर पाहावं बांधून म्हणतात, मावशींचं म्हणणं, झाड पाहावं बांधून.

"आठच दिवस का?" नवऱ्याला आकडा दिसला की कारण लागतं.

"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आधीच्या चारांत थोरल्यांच्या तक्रारी बाहेर पडतात, नंतरच्या चारांत धाकट्यांच्या. नवव्या दिवशी सगळं उघडं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघीही हसलो.

गुणांत पुढे म्हणून आधी गुलमोहराची चादर उभी राहिली आणि त्याच दुपारी खोली बदलली. ऊन चादरीवर अडायचं आणि आत मऊ, निळसर उजेड यायचा. फरशीला पाय लावला तर गार. नवरा शाळेतून आला की आधी त्या फरशीवर हात ठेवून बघायचा आणि विजयी चेहऱ्यानं आत यायचा. बाबा दुपारी झोपायला लागले. खुर्चीतच मान कलंडायची. "बघ, दोन वर्षांत कधी डोळा लागत नव्हता," तो म्हणाला. सासूबाईंनीसुद्धा बहाव्याचं नाव काढणं सोडलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सुट्टीपेक्षा यांची झोप बरी."

पाचव्या दिवशी मी दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दूध तापत ठेवून विसरलो की वाटतं तसं. गॅस बघितला, बंद होता. नळ बघितला. मग लक्षात आलं, सकाळपासून मी एकदाही "हो का" म्हटलं नव्हतं. कालही नाही.

सहाव्या दिवशी बटणांच्या वाटीत बाबांचं घड्याळ सापडलं. बंद पडलेलं. चावी दिलेली नव्हती. पस्तीस वर्षं जो माणूस सकाळी दात घासायच्या आधी घड्याळाला चावी देतो, तो विसरला? मी चावी दिली आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिलं. मनगटावर बांधलं नाही.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आराम पडतोय त्यांना. घड्याळ कशाला हवंय आता?" वाक्य अगदी समंजस होतं. मला ते रात्रीच्या जेवणापर्यंत टोचत राहिलं, पण का, ते मला धड सांगता येईना. म्हणून मीही गप्प बसले. हे मी आज लिहितेय इतकं सोपं तेव्हा नव्हतं. खोली गार होती, म्हातारा माणूस झोपत होता, सगळं त्याच्या भल्याचंच चाललं होतं.

नवव्या दिवशी मावशी आल्या. मला वाटलं चादर बघतील, दोऱ्या बघतील. त्या सरळ घरात आल्या आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, जरा उठता का? मला तुमच्या खुर्चीत बसायचंय."

आजारपणानंतर बाबांना कुणी उठा म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे बसा, पडा, सांभाळा एवढंच म्हणायचो. सासूबाई हात द्यायला धावल्या, त्यांना एक ठोका मिळाला. बाबा काठीवर भार देऊन स्वतः उठले. मावशी खुर्चीत बसल्या, पाठ टेकली, हात बाबांसारखेच ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बराच वेळ.

"भाऊ, इथून काय दिसतं?"

बाबांची जीभ हलली. "चादर."

"आणि आधी?"

हा शब्द यायला वेळ लागला. "गाडी."

मग बाबांनीच, भिंतीला एक हात लावून, त्या दोन वर्षांतलं सगळ्यांत लांब वाक्य बाहेर काढलं. "मी बघितलं नाही... तर... उशीर झाला... हे कुणी... बघतच नाही."

"मग तोंड उघडायचं ना!" सासूबाई कडाडल्या. "नऊ दिवस! माझ्या चहावर बरे ठोके पडतात तुमचे. इथे एक ठोका देता येत नव्हता?"

बाबांनी मुलाकडे बघितलं. तो दारात उभा होता, हातात तपासायच्या वह्या. "हा... माझ्यासाठी... करतोय. नको... कसं म्हणू?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला माझंच उत्तर आठवलं. काही नाही, बसलेले असतात. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

नवऱ्यानं वह्या खाली ठेवल्या. "खालच्या फांद्या छाटल्या तर? मग गल्ली दिसेल."

"दिसेल. आणि तिरपं ऊनही त्याच वाटेनं आत येईल. मग गुलमोहर कशाला लावला म्हणायचा?"

चादर सोडवायला मी मावशींना मदत करत होते, तेव्हा विचारलं, हे काठ्यांचं खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून. त्या गाठ सोडवता सोडवता म्हणाल्या, "आमच्या दारात होता की गुलमोहर. मुलगी झाली तेव्हा नवऱ्यानं लावला, तिला झोका बांधायला. दहा हातांवर भिंत. आम्हाला काय माहीत? झोका झाला, सगळं झालं. मुलगी बारा वर्षांची झाली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. फरशी वर आली, दार लागेना. तोडावा लागला. माणसं सकाळी आली, दुपारपर्यंत काम फत्ते. नवरा त्या दिवशी घरी थांबलाच नाही, गावभर चालत होता. संध्याकाळी आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, चूक झाडाची नव्हती. बस. पुढे कधी त्यावर बोलला नाही. गेला बिचारा, पण मला अजून वाटतं, लावायच्या आधी एकदा कुणी म्हणायला हवं होतं, थांबा, नीट बघा." गाठ सुटली. त्यांनी सुतळी खिशात टाकली. "म्हणून मी म्हणते. लोकांना वाटतं म्हातारीला विकायचंच नाही."

तेवढ्यात आतून नवरा आला. "मावशी, बहावाच लावू. पण आठ वर्षं? तोवर दुपारचं काय?"

"दुपारी बांबूचा पडदा सोडा खिडकीला. चारला वर करा."

खिडकीतून खणखणीत एक ठोका आला. बाबा सगळं ऐकत होते. "दोन-दहा," ते म्हणाले. "तीन-पाच."

म्हणजे त्या दोन्ही गाड्या पडद्याच्या वेळात गेल्या असत्या, आणि बाबा त्या सोडायला तयार नव्हते.

यावर तोडगा काढला सासूबाईंनी. पडदा आला त्या दिवशी त्यांनी बाबांना खुर्चीत ताठ बसवलं, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत खडूनं चौकोन आखला आणि मावशींकडून मागून आणलेली कात्री सरळ चालवली. नव्याकोऱ्या पडद्याला पोस्टाच्या पेटीच्या तोंडाएवढी खिडकी. कडा त्यांनी जाड दोऱ्यानं शिवून टाकल्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "तुमची केबिन." बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

राहिली बहाव्याची जागा. मावशींनी या वेळी एकच उंच काठी आणली, टोकाला जुन्या छत्रीचा सांगाडा बांधलेला. अंगणात मधोमध उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही सांगायचं. मी गाडी, तुम्ही कंडक्टर. घ्या मला मागे."

आम्ही खिडकीशी गोळा झालो. बाबांनी काठी उचलून डावीकडे दाखवली आणि चौकटीवर दोन ठोके दिले. मावशी डावीकडे सरकल्या. दोन ठोके. अजून सरकल्या. त्यांचा चेहरा गंभीर, जणू खरोखरच मागे पंचवीस माणसं बसली आहेत. दोन ठोके.

"आता कुंडीवर चढू का?" मावशी ओरडल्या.

"येऊ... दे," बाबा म्हणाले. नवऱ्यानं धावत जाऊन कुंडी उचलली. सासूबाई म्हणाल्या, "बाई, जपून, मागे गटार आहे." बाबांनी एक डोळा मिटला. काठीची छत्री, फाटकाचा खांब आणि गल्लीच्या टोकाची फट यांच्यात ते काहीतरी मोजत होते. दोन ठोके, पण हळू. मावशी अर्धं पाऊल सरकल्या. मग एकच ठोका.

मावशींनी तिथल्या तिथे खुंटी ठोकली.

ती काठीही आठ दिवस उभी राहिली, नियम म्हणजे नियम. कुणाचीच तक्रार आली नाही. चार दिवस सासूचे गेले, चार सुनेचे गेले. नवव्या दिवशी बहाव्याचं कमरेएवढं रोप आलं. खड्डा नवऱ्यानं खणला. बाबा आजारपणानंतर पहिल्यांदाच तीन पायऱ्या उतरून अंगणात आले, चिमूटभर माती त्यांनी उजव्या हातानं टाकली आणि लगेच परत फिरले. मी म्हटलं, "बसा ना बाबा जरा बाहेर." त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळ बांधलेलं होतं. चार पंचवीस झाले होते.

याला आता चार वर्षं होतील. बहावा पडद्याच्या वर पोचलाय, अजून एकही घोस नाही. सासूबाई त्याला रोज टोमणे मारतात, "बाबा रे, माझी सुट्टी लावतोस की नाही?" सावलीही जेमतेम एका खुर्चीपुरती पडते, ती दुपारी साडेतीनला बाबांच्या गुडघ्यांपर्यंत येते. नवऱ्यानं परवा फूटपट्टी लावून ती मोजली. आणि मी दिवसातून वीस वेळा "हो का" म्हणते, पण आता हातातलं काम ठेवून, घड्याळाकडे बघून म्हणते. साडेचारची गाडी अलीकडे फारच मागे पडते.

काठीमावशी आठवड्यातून एकदा तरी गल्लीतून जातात, बहुधा बगलेत कुणाच्या तरी दारात रोवायचे बांबू घेऊन. आमच्या फाटकाशी क्षणभर थांबतात. झाडाकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात. आतून दोन ठोके ऐकू आले की पुढे निघतात.